सहा पूर्णांक चारची पहाट

दिवाळी तीन आठवड्यांवर आली की आमच्या रायपूरच्या तेलीबांध्यातल्या इमारतीत लोक मला लिफ्टमध्ये गाठतात. वरच्या मजल्यावरचे अग्रवालजी, दूधवाला, इस्त्रीवाला, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: यंदा थंडी कशी पडणार? माझं उत्तरही एकोणतीस वर्षं एकच आहे: माहीत नाही. यंदा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी तोच प्रश्न लेखी विचारला आणि वर लिहिलं, "दोन हजार शब्दांत." माहीत नाही हे दोन हजार शब्दांत कसं लिहायचं, याचा विचार करता करता मला माझ्या जुन्या वह्या काढाव्या लागल्या. पुढे जे लिहितो आहे ते त्या वह्यांमुळे.

आधी नोकरी सांगतो. शहराबाहेर, अभनपूरच्या बाजूला, एका शेतकी फार्मच्या कोपऱ्यात एक छोटं हवामान केंद्र होतं. नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही. तिथे मी निरीक्षक म्हणून लागलो. लोकांना वाटतं हवामानवाला म्हणजे उद्या काय होणार ते सांगणारा. ते काम वरच्या लोकांचं. आमचं काम काय झालं ते वाचायचं आणि लिहायचं, एवढंच. गवताच्या चौकोनात चार पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी असते, साधारण माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. चारही बाजूंना झडपा, म्हणजे वारा आत जावा पण ऊन जाऊ नये. दार उत्तरेला, कारण उत्तरेकडून आपल्याकडे थेट ऊन फारसं येत नाही. आत चार तापमापी. सकाळी साडेआठला दार उघडायचं, चारही वाचायचे, दशांशासह लिहायचे. मग वर पाहायचं आणि आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करून त्यातले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचं. मग दूर पाहायचं. चिंचेचं झाड अर्ध्या किलोमीटरवर, राइस मिलची चिमणी एकावर, पाण्याची टाकी दोनवर. टाकी दिसली नाही, चिमणी दिसली, तर धुकं किती दाट ते कळतं.

हिवाळ्यातल्या त्या सकाळी आता एकात एक मिसळून गेल्या आहेत. धानाची कापणी झालेली असायची, खुंटांवर दव, त्यावर धुक्याचा थर गुडघ्याएवढाच, आणि त्या थरावर माझी पेटी तरंगत असल्यासारखी. मी सायकल भिंतीला लावून चालत जायचो तेव्हा माझे पाय मलाच दिसायचे नाहीत. दार उघडलं की आतून ओल्या लाकडाचा वास यायचा आणि एक थंडगार श्वास तोंडावर यायचा. मला तेव्हा वाटायचं, अख्खी रात्र या पेटीत येऊन झोपलेली आहे आणि मी तिला उठवायला आलोय. असलं काही रजिस्टरमध्ये लिहीत नाहीत. त्यासाठी 'रिमार्क' नावाचा एक अरुंद रकाना असतो, तो बहुतेक रिकामाच राहतो.

या लेखात त्या रकान्याबद्दल लिहायचं आहे. पण आधी दोन माणसं आठवतात.

एक होता ब्राह्मणपाऱ्यात रजया भरणारा, साहू नावाचा. तेव्हा आम्ही तिथेच दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. दसरा झाला की तो मला रस्त्यात थांबवायचा, बोलायचा छत्तीसगढीत. किती कापूस भरून ठेवायचा ते त्याला ठरवायचं असे.

"भैया, ए बछर जाड़ कइसन परही?"

"माहीत नाही, साहूजी. मी झालेली थंडी मोजतो. होणारी नाही."

"त सरकार तनखा काबर देथे तुमन ला?"

मग सरकार पगार कशाचा देतं, हे तो दर वर्षी विचारायचा. पण त्यानेच मला एक गोष्ट शिकवली. मी त्याला म्हटलं होतं की आकाश मोकळं असलं की जमिनीची ऊब रात्री वर निघून जाते, ढग असले की अडते. तो कापूस पिंजता पिंजता म्हणाला, "त बादर ह रतिहा के रजई ए." ढग म्हणजे रात्रीची रजई. इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे माझ्या मुलीला मी हेच वाक्य शिकवलं, आणि तिने ते माझ्यावरच उलटवलं. ते पुढे येईल.

दुसरा माणूस एक ट्रक ड्रायव्हर. एका सकाळी त्याच्या ट्रकचा अपघात झाला होता, सुदैवाने माणूस वाचला, पण खटला उभा राहिला. त्याचं म्हणणं, धुक्यात काही दिसत नव्हतं. समोरच्याचं म्हणणं, धुकं नव्हतंच. वकील त्याला घेऊन आमच्या केंद्रावर आला, त्या दिवसाची नोंद मागायला. असे कागद आम्ही द्यायचो, रीतसर अर्ज घेऊन. मी रजिस्टर उघडलं. माझ्याच अक्षरात होतं: टाकी नाही, चिमणी नाही, चिंच अंधूक. ड्रायव्हरला फक्त आकडे वाचता येत होते. त्याने माझ्या अक्षरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "एमा लिखाय हे?"

"हव," मी म्हटलं. "लिहिलंय. धुकं होतं."

त्याने वकिलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमन लिखे हव, त सहीच होही."

तुम्ही लिहिलंय तर खरंच असणार. तो गेला, पण मी बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसलो. कारण त्याच रजिस्टरच्या तीन वर्षं आधीच्या खंडात एक आकडा असा होता जो मी लिहिला होता आणि जो खरा नव्हता.

तो आकडा कसा आला ते समजायला मिनिमम तापमापी समजून घ्यावा लागेल. रात्री कमीत कमी किती तापमान गेलं ते हा सांगतो. नळी आडवी ठेवलेली असते, आत पाऱ्याऐवजी अल्कोहोल, आणि त्या अल्कोहोलमध्ये टाचणीपेक्षा लहान अशी एक काळी काडी. थंडी वाढली की अल्कोहोल आक्रसतं आणि जाताना काडीला सोबत ओढत नेतं. पहाटेनंतर हवा तापू लागली की अल्कोहोल काडीला ओलांडून पुढे जातं, काडी मात्र तिथेच पडून राहते. म्हणून साडेआठला जाऊनही पहाटेचा आकडा वाचता येतो. मात्र वाचल्यावर नळी हलकेच तिरपी करून ती काडी परत अल्कोहोलच्या टोकाला आणून ठेवावी लागते. हे विसरलं आणि पुढची रात्र कमी थंड निघाली, तर काडी हलतच नाही. दुसऱ्या दिवशी कालचाच आकडा दिसतो, अगदी दशांशासह.

नोकरीतलं माझं पहिलं वर्ष सरत आलं होतं, नोकरी कायम व्हायची होती. डिसेंबर. त्या सकाळी आकाश काचेसारखं मोकळं, एकही ढग नाही. मिनिमम होता सहा पूर्णांक चार. इतका खाली आकडा मी कधी पाहिला नव्हता आणि आजतागायत माझ्या वह्यांत त्याच्या खाली काही नाही. मी तो लिहिला आणि पुढची नळी वाचणार तेवढ्यात फार्मचा चौकीदार ओरडत आला. ब्राह्मणपाऱ्यातून फोन होता, मंगलाला, म्हणजे माझ्या बायकोला, कळा सुरू झाल्या होत्या. उरलेले तीन आकडे मी उभ्याउभ्या टिपले, दार लावलं आणि सायकल काढली. काडी जागेवर आणायची राहिली.

मंगला तो सगळा दिवस आणि पुढची रात्र अडली. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. मी दवाखान्याच्या ओट्यावर उभा होतो. त्या पहाटेचं मला नेमकं काय आठवतं ते पुढे सांगतो. मुलीला पाहिलं आणि तिथूनच ड्युटीवर गेलो, कारण माझे वरिष्ठ देवांगनजी वगळता तिथे तिसरं कुणी नव्हतं आणि त्यांचे गुडघे धरलेले. पेटीचं दार उघडलं. मिनिमम सहा पूर्णांक चार. शेजारचा ड्राय बल्ब, म्हणजे त्या घटकेचं तापमान दाखवणारा, पंधराच्या वर. आदल्या दिवशी त्याच वेळी तो दहाच्याही खाली होता. वर पाहिलं तर आठातले सात भाग ढग.

मला त्याच क्षणी कळलं. हे मुद्दाम लिहितो, कारण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की झोप नव्हती, कळलं नाही. कळलं होतं. नियम साधा होता: मिनिममच्या रकान्यात एक आडवी रेघ, आणि रिमार्कमध्ये "आदल्या दिवशी काडी जागेवर आणली नाही." मी पेन उचललंही. तेवढ्यात देवांगनजी लंगडत आले, रजिस्टरमध्ये डोकावले आणि तापमापीकडे बघून जोरात हसले.

"अरे वाह! फिर छह दशमलव चार! बिटिया ठंड लेके आई है, भाई. लिखो, लिखो, मिठाई खिलाओ."

मी लिहिलं.

देवांगनजींनी ही बातमी दवाखान्यात माझ्या आईला सांगितली. आई वर्ध्याची, बोलायला धडाडीची. ती म्हणाली, "पाय बापा, रायपुरात एवढी थंडी कवाच नाही पडली, अन् ही पोट्टी त्यातच आली. हिमानीच ठेवा नाव." ठेवलं. आईने एक लाल स्वेटर विणला, मग दर दोन वर्षांनी उसवून मोठा केला. दर वाढदिवसाला सकाळी हिमानी तो घालून माझी वाट पाहायची. मी घरी आलो की पहिला प्रश्न, "आज किती?"

मी आकडा सांगायचो. तो कधीच सहा पूर्णांक चारच्या जवळपास नसे. ती नाचायची, "माझं रेकॉर्ड सेफ!" पुढे शाळेत गेल्यावर हिंदीत नाचू लागली. मराठी समजते, बोलायची वेळ आली की हिंदी येते, आमच्याकडच्या बहुतेक मुलांचं तसंच आहे. आई खुर्चीतून म्हणायची, "तुह्यासारखी थंडी आता येतच नाही, पोरी." आई जाऊन आठ वर्षं झाली. स्वेटर ट्रंकेत आहे. शेवटचे तीन-चार वाढदिवस तो घालण्यासारखी सकाळच आली नाही, एकदा तर पंखा लावून औक्षण केलं.

मी केंद्रावर होतो तोवरच्या सव्वीस वाढदिवसांचे आकडे माझ्याकडे ओळीने आहेत. तिथल्या सगळ्याच दिवसांचे आहेत, कारण रजिस्टरची एक नक्कल मी घरच्या वहीत रोज उतरवत असे. केंद्रावर आता माणूस लागत नाही. खांबावर एक यंत्र आहे, सौर पट्टीवर चालतं, आकडे आपोआप पाठवतं. मी शहरातल्या कार्यालयात फायली पाहतो. तर या लेखासाठी मी हिमानीला म्हटलं, या वह्या कॉम्प्युटरवर चढवून दे, म्हणजे हिवाळे बदलले का ते नीट पाहता येईल. ती नवा रायपूरला एका ऑफिसात असंच काहीतरी काम करते. पंधरा दिवस ती रोज जेवण झालं की बसायची, मी आकडे वाचायचो, ती टाकायची. माझ्या अख्ख्या आयुष्यातल्या सकाळी एकेक करून पडद्यावर उतरत होत्या. मी वाचता वाचता कुठल्या तरी धुक्यात शिरायचो आणि ती म्हणायची, "बाबा, सो गए क्या? अगला बोलो."

एका रविवारी सकाळी तिने सगळ्यात थंड रात्री वर आणल्या आणि हाक मारली.

"बाबा, ये देखो. टॉप पे दो दिन. मेरा बर्थडे, और उसके एक दिन पहले. दोनों छह दशमलव चार."

"हो."

"सेम टु सेम?"

"होतं कधी कधी."

तिने मान हलवली, पण बोट पडद्यावरून काढलं नाही. "लेकिन पहले दिन बादल ज़ीरो, मेरे दिन सात. साढ़े आठ बजे का टेम्परेचर भी पाँच डिग्री ऊपर है. आपने ही सिखाया था ना, बादल मतलब रात की रजाई? रजाई थी तो इतनी ठंड कैसे?"

मी म्हटलं, ढग सकाळी आले असतील. ती बरं म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला हेच वाईट झालं. तुम्ही लिहिलंय तर खरंच असणार.

तीन दिवस मी जेवताना बोललो नाही. चौथ्या दिवशी मंगला म्हणाली, "काहून तोंड पाडून बसून राहिले तुम्ही? थंडीचा लेख लिहायला सांगितला, थंडी वाजवून घ्यायला नाही." तिला सगळं सांगितलं. तिने भाजी ढवळायची थांबवली. "म्हणजे त्या दिवशी थंडी नव्हतीच?"

"फारशी नव्हती."

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "मी घामाने भिजली होती. पण मले वाटलं, कळांमुळे असेल." मग थोड्या वेळाने, "सासूबाईंनी किती जणांले सांगितलं असेल ते! पोट्टीले सांगू नका. नावच तिचं त्यावर आहे."

भीती मलाही तीच होती. रजिस्टरमधल्या हजारो आकड्यांत एक चुकीचा, त्याने हिवाळ्यांची गोष्ट बदलत नाही. पण हिमानीची सगळी गोष्ट त्या एका आकड्यावर उभी होती. तिच्या आजीने तिला दिलेली गोष्ट मी काढून घेणार होतो, आणि आजी आता दुसरी द्यायला नव्हती.

तरी सांगितलं. संध्याकाळी गच्चीत, खुर्च्या टाकून. काडी, चौकीदार, देवांगनजी, पेन, सगळं. खाली तेलीबांध्याच्या तलावाभोवती लोक फिरत होते, पाण्यावर दिव्यांच्या लांब रेघा पडल्या होत्या. बऱ्याच वेळाने ती उठली, आत गेली. मला वाटलं, रागावली. ती लॅपटॉप घेऊन आली, त्या दिवसाची ओळ काढली, सहा पूर्णांक चार पुसलं आणि तिथे एक आडवी रेघ टाकली.

"रिमार्क में क्या लिखना है?"

मी सांगितलं. तिने लिहिलं, माझ्या शब्दांत, मराठीत. ऱ्हस्व-दीर्घही विचारलं नाही, हळूहळू अक्षरं शोधत टाइप केलं.

"तो उस दिन था कितना?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"बाबा. एक बार तो अंदाज़ा लगाओ. मेरे लिए."

मी एकोणतीस वर्षांत अंदाज केलेला नाही, आणि आकड्याचा तेव्हाही केला नाही. पण त्या पहाटे ओट्यावर उभं राहून जे पाहिलं होतं ते तिला सांगितलं, पहिल्यांदाच. आदल्या आठ-दहा रात्री चांदण्या इतक्या जवळ होत्या की थंडीने त्यांनाच तडे जातील असं वाटावं. त्या पहाटे एकही नव्हती. सगळं आभाळ मऊ, राखाडी, खाली उतरून दवाखान्याच्या छपरावर टेकलेलं. आग्नेयेकडून ओलसर वारा येत होता, समुद्रावरून यावा तसा. आजीने खांद्यावरची शाल काढून बाकावर ठेवली होती. माझा मफलर माझ्या हातात होता. शेकोटीपाशी बसलेले लोक उठून गेले होते, निखारे तसेच. आत तुझं पहिलं रडणं ऐकू आलं तेव्हा मी मफलरची घडी घालत होतो.

"थंडी तुझ्या आदल्या पहाटेपर्यंत होती," मी म्हटलं. "तू आलीस त्या पहाटे ती तुटली."

तिने लॅपटॉप मिटला. मग माझ्याकडे न बघता, मराठीत म्हणाली, "आजीले उलटं समजलं मग."

"मी उलटं लिहिलं. आजीने वाचलं तसं सांगितलं."

कार्यालयात मी रीतसर अर्ज दिला की अमुक दिवसाची मिनिममची नोंद संशयास्पद मानावी, चूक माझी आहे. साहेब वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत. ते म्हणाले, "इतने साल बाद? जाने दीजिए ना." मी पोच मागितली. शिक्का मारलेली पोच वहीत चिकटवली आहे.

आता संपादकांच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या वह्या एवढं सांगतात: थंडी पूर्वीपेक्षा उशिरा येते आणि सलग टिकत नाही. आधी दहाच्या खालच्या रात्री ओळीने यायच्या, आता दोन येतात आणि मध्येच ढग येऊन त्यांच्यावर रजई घालतात. एका जागेची ही वही आहे, तेही अशा जागेची जिच्या भोवतीची शेतं जाऊन तिथे कॉलन्या झाल्या, आणि सिमेंट रात्रभर ऊब सोडत राहतं. त्यामुळे किती बदल आभाळाचा आणि किती आमच्या घरांचा, ते मला वेगळं काढता येत नाही. येणारे हिवाळे मला वाटतं त्या पहाटेसारखेच असतील, मऊ, राखाडी, मफलर हातात धरायला लावणारे. मधूनच एखादी काचेची सकाळ येईल आणि आपण सगळे वर्षभर तिच्याबद्दल बोलू. हा अंदाज आहे, नोंद नाही. माझा पहिलाच आहे, तेव्हा वाचकांनी बेताने घ्यावा.

केंद्रावरचा एक जुना मिनिमम तापमापी, बाद झालेला पण चालू, मी रीतसर परवानगीने घरी आणला आहे. गच्चीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात सावलीत आडवा लावला आहे. काल संध्याकाळी वारा जरासा कोरडा झाला, या हंगामात पहिल्यांदाच. हिमानी ऑफिसातून आली, बॅग न ठेवताच गच्चीत गेली.

"बाबा, कैसे करते हैं, दिखाओ."

"हळू. बल्बची बाजू वर. हिसका देऊ नको."

तिने दोन्ही हातांनी नळी तिरपी केली. ती काळी काडी आधी जागची हलेना, मग निघाली, अल्कोहोलमधून इतकी सावकाश, की आम्ही दोघंही श्वास धरून उभे होतो. टोकाला पोचली आणि थांबली.

हिमानीने नळी आडवी ठेवली, नीट बसली का ते बोटाने तपासलं, आणि म्हणाली, "सकाळी मी वाचीन."